वाऱ्याची वाटणी

पेशवाईतील वाड्यांविषयी लिहिणाऱ्यांची लेखणी बहुधा दिंडीदरवाजापाशीच रेंगाळते. बुरूज किती, दरवाजाला खिळे किती, माडीवर माड्या किती चढल्या होत्या आणि कारंज्याला पाकळ्या किती होत्या, याचा हिशेब मोठ्या आवडीने मांडला जातो. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला, २२ जानेवारी १७३२ रोजी त्याची वास्तुशांत झाली आणि त्या पहिल्या बांधकामास १६,११० रुपये खर्च आला, हे आकडे तर पुण्यावरील कोणत्याही पुस्तिकेत सापडतात. परंतु वैशाखात दोन प्रहर टळल्यावर अशा वास्तूच्या कोणत्या भागात माणसाला सुखाने पाठ टेकता येत असे, रात्री समई कोठे तेवत असे, चुलीचा धूर कोणाच्या डोळ्यांत जात असे, आणि घरात वाऱ्याची झुळूक आलीच तर ती प्रथम कोणाच्या अंगाला लागत असे, या प्रश्नांकडे इतिहासकाराने सहसा वळून पाहिलेले नाही. आणि माझ्या समजुतीप्रमाणे वाड्याचा खरा इतिहास याच प्रश्नांच्या पोटात आहे.

घराची अंतर्रचना आणि देहाचे स्वास्थ्य यांचा संबंध आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हता, असे मुळीच नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वैद्याने उपचारासाठी घर कसे उभारून घ्यावे याचे जे वर्णन आहे, ते आजच्या वास्तुविशारदानेही टिपणवहीत उतरवून घ्यावे इतके नेमके आहे. घर बळकट असावे. वाऱ्याचा झोत अंगावर येऊ नये, पण एका अंगाने मात्र वारा खेळता असावा. आत मोकळेपणी हिंडता-फिरता यावे. धूर, ऊन, पाणी आणि धूळ यांना तेथे शिरकाव नसावा. पाणी, उखळ-मुसळ, शौचकूप, स्नानाची जागा आणि पाकशाळा ही सर्व हाताशी असावीत. मात्र ज्या वाक्याने हा अध्याय सुरू होतो त्यातच उपचार घेणारा मनुष्य राजा, राजाच्या तोलाचा किंवा विपुल द्रव्य बाळगणारा, असे सांगून ठेवले आहे, आणि दरिद्री मनुष्याने प्रसंग पडेल तेव्हा जी साधने मिळतील त्यांवर भागवावे, असा निर्वाळा पुढे दिला आहे. ही अट मला त्या सर्व वर्णनाइतकीच महत्त्वाची वाटते. कारण ज्ञानाचा अभाव हे आपल्या घरांतील अस्वास्थ्याचे कारण क्वचितच होते; ज्ञान होते, कारागीर होते, आणि वाराही होता; प्रश्न वाटणीचा होता.

मराठी राज्याच्या कागदपत्रांत हा विषय स्वास्थ्याच्या नावाने येत नाही, बंदोबस्ताच्या नावाने येतो. राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणकडील छावणीस लिहिलेल्या शिवाजी महाराजांच्या प्रसिद्ध पत्रात रात्री दिवा जळता ठेवल्यास उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि तिच्यापासून गवताच्या गंजीस आग लागेल, अशी ताकीद आहे. आणि अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात गडावरील घरे चुनेगच्ची करावीत, त्यांत उंदीर, विंचू, किडा-मुंगी राहू नये, वाटांवर केरकचरा पडू देऊ नये, केर जागच्या जागी जाळून त्याची राख परसात टाकावी आणि तीवर भाजीपाला करावा, अशा सूचना आहेत. राज्यकारभाराच्या ग्रंथात उंदराला मिळालेले हे स्थान वाचकाने ध्यानात ठेवावे. पुढे पावणेदोनशे वर्षांनी त्याच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

देशावरचा वाडा मुळात लाकडाच्या सांगाड्यावर उभा असतो. दगडी तळखड्यावर सागवानी खांब, खांबावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या आणि कड्यांवर पाट, अशी ती चढती मांडणी. दोन खांबांमधील अंतर तो एक खण, आणि घर केवढे असे कोणी विचारले तर उत्तर खणांतच मिळे. भार मुख्यत्वे लाकडाने पेलायचा आणि ऊन-थंडी भिंतीने अडवायची, अशी ही कामाची वाटणी असल्यामुळे भिंत मनास येईल तितकी जाड करता येई; खाली काळ्या दगडाची, वर विटांची किंवा पांढरीच्या मातीची, आणि जाडी इतकी की तिच्या पोटात कोनाडे, फडताळे, प्रसंगी एखादा अरुंद जिनासुद्धा सहज मावून जावा. अशी भिंत दिवसाचे ऊन सावकाश पीत राहते. त्याची धग आतल्या अंगाला पोचेपर्यंत सायंकाळ होते, आणि सायंकाळी देशावरची हवा निवू लागलेली असते. कोकणातले घर या बाबतीत अगदी निराळ्या बुद्धीचे. तेथे ऊन नव्हे तर पाऊस हा मुख्य शत्रू, म्हणून सर्व शहाणपण छपराच्या उतारात, खाली ओढलेल्या वळचणीत आणि उंच जोत्यात साठवलेले.

वाड्याच्या मध्यभागी चौक. चारी अंगांनी सोपे असले म्हणजे तो चौसोपी वाडा. हा चौक म्हणजे शोभेची रिकामी जागा नव्हे, सबंध घराचा श्वास त्याच्यावर चाले. दख्खनच्या पठारावर दिवस तापट आणि रात्र थंड. रात्री उघड्या आकाशाखाली चौकातील फरसबंदी आपली उष्णता सोडून देई, निवलेली जड हवा तेथे साचे आणि भोवतालच्या सोप्यांत पसरे, आणि सूर्य माथ्यावर येईपर्यंत घराला ती शिदोरी पुरे. दुपारी चौक तापला की तेथील हवा वर चढे व तिच्या जागी पडव्यांच्या सावलीतली हवा ओढली जाई. पावसाळ्यात चारी पाख्यांच्या पागोळ्या चौकात गळत आणि पाणी मोरीवाटे बाहेर जाई. तुळशीवृंदावन तेथे, क्वचित आड तेथे, वाळवणे तेथे, मुलांचे खेळ तेथे. मोठ्या सरदारांनी चौकामागे चौक जोडीत नेले. वाईजवळ मेणवली येथे कृष्णेच्या घाटावर नाना फडणिसांनी बांधलेल्या वाड्यात असे सहा चौक आहेत, आणि ज्याला मोठेपणाचे ओझे उतरवून घटकाभर माणसासारखे बसायची इच्छा होई अशा कारभाऱ्याने नदीकाठ का पसंत केला असेल, हे तेथे गेल्यावाचून कळत नाही. पुण्याच्या वस्तीला मात्र मुळेचे-मुठेचे पाणी पुरेना, तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तेथील पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरात आणले व ठिकठिकाणी हौद बांधले. त्याच युगात शनिवारवाड्यात हजारी कारंजे उडत होते. कारंज्याचे तुषार उडाले की भोवतालची कोरडी हवा थंड होते हे खरे. पण ज्या हौदावर पुण्यातील बायका घागरी घेऊन उभ्या राहत, तो हौद मला त्या कारंज्यापेक्षा मोठे बांधकाम वाटतो.

दरवाजातून आत शिरलेल्या माणसाला वाडा एकदम सापडत नसे. प्रथम देवडी, तेथे पहारेकरी, मग चौक, मग ओसरी किंवा सदर, जेथे कुळे, कारकून आणि अर्जदार बसत, मग सोपा, सोप्यापलीकडे माजघर, माजघरालगत देवघर, कोठीघर आणि स्वयंपाकघर, श्रीमंताकडे त्याचेच नाव मुदपाकखाना, आणि सर्वांच्या मागे परस. प्रत्येक पायरीला एक उंबरठा, आणि प्रत्येक उंबरठ्यावर उजेड एका मात्रेने कमी. बाहेरच्या रखरखीतून आलेल्या डोळ्यांना हा क्रम मोठा सुखद होई यात शंका नाही. ओसरीवर क्षणभर टेकून गुळपाणी घेतल्यावर आत जाणारा माणूस आपोआप हळू बोलू लागे. दिवाणखाना बहुधा माडीवर, रस्त्याच्या किंवा चौकाच्या अंगाला, खिडक्या जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर, कारण बसणारा खाली बैठकीवर बसणार. त्याच्या मस्तकाला वारा लागावा अशा बेताने खिडकी, त्याच्या हाताला टेकावा अशा बेताने लोड, आणि त्याच्या नजरेच्या रेषेत केळफुलाच्या घाटाची कमान. सुरूच्या घाटाचे कोरीव खांब पाहावयाचे असतील तर दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा अजून उभा आहे. १८२१ साली गव्हर्नर एल्फिन्स्टनने ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या रकमेतून काढलेली संस्कृत पाठशाळा याच वास्तूत भरली, आणि राजाच्या विलासासाठी योजलेली दालने विद्यार्थ्यांच्या घोकंपट्टीलाही तितकीच मानवली, यावरून त्या कारागिरांच्या मापांबद्दल काय ते समजावे.

या घरात सामान फार थोडे असे, आणि माझ्या मते त्याच्या स्वास्थ्याचे अर्धे रहस्य तेथे आहे. आपण आज खोलीचे नाव तिच्यातल्या लाकडी सामानावरून ठरवतो. वाड्यात ते पुष्कळसे वेळेवरून ठरे. सकाळी सारवलेल्या जमिनीवर जाजम पसरले की सोप्याचा फड होई, दुपारी पाट मांडले की तेथेच पंगत बसे, आणि रात्री वळकट्या उलगडल्या की तेच शेजघर. उन्हाळ्यात बिछाने चौकात किंवा गच्चीवर जात, पावसाळ्यात माजघरात येत. एकच कुटुंब वर्षाच्या फेऱ्यात आपल्याच घरात स्थलांतर करीत असे. सोप्याच्या तुळईला टांगलेला झोपाळा हे तर या घराचे उत्कृष्ट उपकरण: पंखा ओढणारा नोकर न लागता त्यावर बसणाऱ्याला वारा मिळे, तान्हे मूल निजे, म्हाताऱ्याचे जप होत, आणि कड्यांच्या कुरकुरीवरून घरात कोण जागे आहे ते आतल्या माणसांना कळे.

पण लाकडाला आगीचे भय. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी शनिवारवाड्याला आग लागली आणि आतील सर्व इमले त्यात गेले; आज आपण पाहतो ती जोती आणि तट. १८७९ सालच्या आगीत बुधवारवाडा गेला व विश्रामबागवाड्याचीही मोठी हानी झाली. म्हणूनच समईची जागा, कोनाड्याची उंची आणि निजण्यापूर्वी चुलीवर राख ओढण्याची शिस्त या गोष्टी आजीबाईंच्या हट्टासारख्या भासल्या तरी त्यांच्या पाठीशी छावणीतल्या त्या पत्राइतकेच कठोर शहाणपण होते.

येथवर वाड्याची थोरवी झाली. आता वाटणीकडे येऊ. ज्या क्रमाने उजेड उंबरठ्यामागून उंबरठा ओलांडताना कमी होई, त्याच क्रमाने घरातल्या माणसांचा अधिकारही कमी होत जाई, हे नकाशा हाती घेऊन कोणीही ताडून पाहावे. सर्वांत मोकळा वारा दिवाणखान्यात, म्हणजे कर्त्या पुरुषाला आणि त्याच्या पाहुण्याला. ओसरीचा वारा कारकुनांना. माजघरात सासुरवाशिणी, त्यांना जाळीच्या खिडकीतून येईल तेवढा. आणि जेथे सूर्योदयापूर्वीपासून रात्रीपर्यंत कोणी ना कोणी बाई ओणवी बसलेली असे त्या स्वयंपाकघराला छपरातल्या झरोक्यापलीकडे धुराला वाट नसे. कड्या-पाटांवर साठलेली काजळी भांड्यांप्रमाणे फुप्फुसांतही साठत असेल, हा विचार मुदपाकखान्याच्या जमाखर्चात कोठेही रुजू झालेला नाही. केशवपन झालेल्या विधवेचे आयुष्य याच धुरात सरे. अस्पृश्य मानलेला माणूस तर देवडीच्या आत येतच नसे. त्याच्या वाट्याला वाड्याची सावली आली तर ती बाहेरच्या भिंतीची.

बाळंतिणीची खोली हे या वाटणीचे शेवटचे टोक. ज्या चरकाने रुग्णालयाचे वर्णन केले त्यानेच शारीरस्थानात सूतिकागाराचेही केले आहे: हाडे, खडे आणि खापऱ्या काढून टाकलेली निर्मळ जमीन, पूर्वेला किंवा उत्तरेला दार, अग्नी, पाणी, स्नानाची व शौचाची जागा जवळ, आणि ऋतूला सुखकर अशी रचना. प्रत्यक्षात वाड्यातील बाळंतिणीची खोली म्हणजे माजघराच्या मागची, खिडकी नसलेली किंवा असलेली खिडकी चिंध्यांनी बुजवलेली काळोखी कोठी. आत शेगडी, ओव्याची आणि बाळंतशोपेची धुरी, बाजेखाली निखारे, आणि वारा लागू नये म्हणून दाराला जाड पडदा. उबेची ही कल्पना निव्वळ अज्ञान म्हणून झटकून टाकणे मला पटत नाही. थकलेल्या बाईला दहा दिवस कोणी कामाला हाक मारीत नसे, तेल-शेक मिळे, तिला एकांत मिळे, आणि सासुरवाशिणीला एरवी तो कोठला! परंतु सुईणीच्या अस्वच्छ हत्याराने नाळ कापलेली पुष्कळ बालके त्याच खोलीत पहिल्या आठवड्यात धनुर्वाताने दगावत, आणि पाचवी-सहावीला सटवाईची पूजा मोठ्या धास्तीने होई त्या धास्तीला आधार होता. आनंदीबाई जोशींचे पहिले मूल दहा दिवसांचे होऊन गेले तेव्हा त्यांचे वय चौदा वर्षांचे होते. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात १८८६ साली त्यांनी पदवीसाठी प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. परदेशातील कोणताही विषय घेण्याची मोकळीक असता त्या बाईंनी मनाने परतायचे ठिकाण हेच निवडले.

त्याही आधी पुण्यातच या खोलीचे दार दुसऱ्या एका घराने उघडले होते. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि अडलेल्या विधवांनी येथे येऊन सुखरूप बाळंत व्हावे, असे जाहीर केले; १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. फुल्यांचे घर वास्तुकलेचा नमुना म्हणून कोणी पाहायला जात नाही. पण घराच्या आतल्या जागेची मालकी कोणाची, पाणी कोणाचे, आणि बाळंतिणीची खोली कोणत्या बाईला नाकारायची, हे तीनही प्रश्न त्या एका घराने निकालात काढले. सहा चौकांच्या वाड्यांना ते जमले नव्हते.

१८१८ नंतर वाड्यांचे दिवस फिरले. सरंजाम गेले, इनामांची चौकशी झाली, मिळकतीचे वाटे पडले. आणि जेथे एक घराणे राहत असे तेथे फळ्या ठोकून आणि पडदे ओढून आठ-दहा बिऱ्हाडे राहू लागली. सोप्याचे खण दोन-दोन करून भाड्याने गेले, ओसरी बंदिस्त झाली, माडीवरच्या दिवाणखान्यात चुली पेटल्या. ज्या चौकाने पूर्वी एका कुटुंबाला वारा पुरविला त्याच्या भोवती आता भिंतीच भिंती, आणि मध्ये एक नळ, त्यावर पहाटेपासून भांडण. वाडा संस्कृतीचा म्हणून ज्या जिव्हाळ्याची आठवण काढली जाते, एकमेकांच्या घरी वाटी जाणे, कोणाच्याही मुलाला कोणीही रागावणे, सर्वांचा मिळून गणपती, तो जिव्हाळा पुष्कळसा या मोडक्या वाड्यातला आहे, पेशव्यांच्या अखंड वाड्यातला नव्हे. दाटीने तो निर्माण केला. दाटीनेच पुढची आपत्तीही आणली.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचा म्हणजे प्लेगचा रुग्ण ओळखला, आणि काही महिन्यांत साथ पुण्यात पोचली. त्या काळच्या अधिकाऱ्यांच्या मते रोगाचे मूळ घाण, ओल आणि अंधार. म्हणून मोहीम निघाली ती घरांच्या अंतर्भागावर. पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्या हाताखालच्या पलटणी घरोघर शिरल्या. देवडी, सोपा, माजघर, देवघर, स्वयंपाकघर हा पिढ्यान्‌पिढ्यांनी जपलेला उंबरठ्यांचा क्रम गोऱ्या शिपायांच्या बुटांनी काही क्षणांत ओलांडला, आणि लोकांचा क्षोभ झाला त्याचे एक मोठे कारण हेच. सामान बाहेर काढून जाळण्यात आले, जमिनी खणल्या, भिंतींना चुना फासला, खिडक्यांसाठी भिंती फोडल्या आणि आत ऊन पडावे म्हणून छपरांची कौले उतरवली. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडला गोळ्या घातल्या, तो इतिहास सर्वश्रुत आहे. त्याच साथीत रुग्णांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या. त्या शुश्रूषेसाठी डॉक्टर म्हणून त्यांच्याबरोबर उभा होता तो त्यांचा दत्तक मुलगा यशवंत. बालहत्या प्रतिबंधक गृहात जन्मलेले ते मूल.

आणि येथे उंदीर पुन्हा येतो. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांवाटे फैलावतो हे प्रयोगाने दाखविले. डॉक्टरांना ते पटायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे अंधाराला दिलेली शिक्षा बरीचशी भलत्याच आरोपीला झाली होती. घरात उंदीर राहू नये असे लिहिणाऱ्या अमात्यांना पिसवेची वार्ताही नव्हती, तरी त्यांचे बोट योग्य जागी होते. गंमत अशी की कारण चुकले तरी उपाय सर्वस्वी वाया गेला नाही. ज्या कोंदट खोल्यांत क्षयरोग मुक्कामाला होता तेथे ऊन-वारा गेला, तो त्या रोगाच्या विरुद्धच गेला. सरकारला मात्र एक नवा विचार सापडला: उजेड आणि वारा कायद्याने मोजता येतात.

१८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते समुद्राचा वारा गावठाणाच्या पोटात नेण्यासाठी जुन्या वस्तीतून कापले गेले, आणि त्या कापाकापीत ज्यांची घरे गेली ते गरीब भाडेकरू जवळच्याच चाळींत आणखी दाटीने राहिले. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईतील घरांच्या उजेड-वाऱ्यावर व्याख्यान देऊन साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला: खोलीच्या बाहेरील भिंतीच्या पायापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेषा काढली तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक चढी नसावी, म्हणजेच समोर जेवढी उंची, तिच्या निम्म्याने तरी मोकळी जागा मध्ये हवी. नियम रुक्ष आहे. पण आपल्या प्रांतात वाऱ्याची वाटणी हुद्दा, जात किंवा नाते न पाहता नुसत्या कोनावरून करण्याचा हा पहिला प्रयत्न, आणि त्या दृष्टीने मला तो अनेक सुंदर कमानींहून अधिक आदरणीय वाटतो. दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहती या विचारातून उभ्या राहिल्या. हिंदू कॉलनीतील झाडांचे रस्ते आणि इमारतींमधली अंतरे पाहिली की त्यामागचा कोनमापक दिसतो.

कामगारांच्या वाट्याला मात्र त्यातले थोडेच आले. १९२० साली गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत विकास खाते निघाले आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे सिमेंट-काँक्रीटच्या दोनशे सात चाळी उठल्या. प्रत्येक कुटुंबाला सुमारे एकशे साठ चौरस फुटांची एक खोली. तीतच चूल, मोरी, निजणे, बाळंतपण आणि मरणे. बांधून झाल्यावरही बऱ्याच खोल्या रिकाम्या राहिल्या, आणि सविनय कायदेभंगाच्या दिवसांत वरळीच्या चाळींचा तुरुंग करता आला, यावरून त्यांच्या अंतर्भागाची कळा लक्षात येते. तरीही माणसांनी त्या वसविल्या. कोनमापकाला जे सुचले नव्हते ते त्यांनी खोल्यांच्या दोन रांगांमधल्या लांब सामायिक बोळात शोधले: तेथे म्हातारे बसले, पोरे अभ्यासाला बसली, उन्हाळ्यात बिछाने आले, भांडणे आणि भजने झाली. वाटे पडून मोडलेल्या वाड्यात जी ओसरी बंदिस्त झाली होती, ती अशी चारी मजल्यांवर परत आली, आणि या खेपेस ती कोणा एकाच्या मालकीची नव्हती.

मध्यमवर्गाच्या ब्लॉकमध्ये याच सुमारास स्वयंपाकघराची उलथापालथ सुरू झाली. चूल गेली, शेगडी आली, मग रॉकेलचा स्टो आला, आणि १९५५ साली बर्मा-शेल कंपनीने मुंबईत बर्शेन गॅसच्या टाक्या विकायला सुरुवात केल्यावर जमिनीवर बसून स्वयंपाक करण्याचे कारणच उरले नाही. भिंतीला लागून कमरेइतका ओटा, त्यावर शेगडी, शेजारी नळ आणि समोर खिडकी: शतकानुशतके ज्या खोलीला वाऱ्याचा शेवटचा वाटा मिळत आला तिला एकदाची स्वतःची खिडकी मिळाली. उभ्याने रांधलेले अन्न देवाला चालते काय, सोवळे ओट्यावर टिकते काय, यावर घरोघर सासवांनी रीतसर हरकती नोंदविल्या. पण गुडघेदुखीने त्यांतल्या पुष्कळ हरकती आपोआप निकाली निघाल्या. ओट्याची उंची मात्र बहुतेक ठिकाणी गवंड्यानेच ठरविली, आणि इमारतीच्या सर्व मजल्यांवर ती एकच राहिली. ठेंगण्या बायकांनी मग जुने पाट, जे आता जेवायला लागत नव्हते, ओट्यापुढे ठेवले आणि त्यांवर उभ्या राहून पोळ्या लाटल्या.